नवीन पीसी, मे महिना आणि ९८ डिग्री: प्रोसेसर तापत असेल तर आधी काय पाहा लागते

मागच्या मे महिन्यात दर्यापूरकडं मामाच्या गावी मामेभावाचा नवीन पीसी त्यानंच जोडला, लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करते तो, पार्ट सगळे मी सांगितले तेच आणले. आणि आठ दिवस झाले नाही तर फोन, "दादा, याच्यापेक्षा जुना लॅपटॉप बरा होता, एक्सपोर्टले लावलं का पंखा असा बोंबलते का आजी झोपेतून उठून बसते, अन काम काही पुढं सरकत नाई." गेलो, पाहिलं, तर प्रोसेसर ९८ डिग्रीवर. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, ऊन पाहा किती तापून राहिलं, माणसाचं डोकं चालत नाही तर मशीनचं काय चालन. आता त्यात खोटं काही नव्हतं, टिनाची खोली, दुपारी तीनला आतमध्ये ४१. पण त्या ९८ मधला उन्हाचा वाटा वेगळा काढून पाहिला तेव्हा कळलं की हीटसिंकची (प्रोसेसरवर बसून त्याची उष्णता बाहेर काढते तो पंखा-पात्यांचा भाग) एक पिन मदरबोर्डात बसलेलीच नाही, आणि ऊन ऊन म्हणत ते मशीन तसंच आठ दिवस चाललं.

आपल्या भागात हेच जास्त होते. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा, कुठंही घ्या, मे मध्ये ४५ म्हणजे नवल नाही, नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की त्याच्याही वर, त्यामुळं गरम होणारं प्रत्येक मशीन आपण उन्हाच्या नावावर टाकून मोकळे होतो. आणि याच्या उलटही होते, मशीन बिलकुल चांगलं असते आणि माणूस उगाच तीनदा प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली पेस्ट बदलते, महागडा हीटसिंक आणते. म्हणून पहिलं काम, ऊन किती आणि दोष किती हे वेगळं करा. बाकी सगळं त्याच्यानंतर.

एक शब्दाचं आधीच सांगून ठेवतो, आपल्याकडं कूलर म्हटलं की खोलीतला पाण्याचा कूलर, म्हणून प्रोसेसरवर बसते त्याला मी इथं हीटसिंकच म्हणतो, नाहीतर पुढं घोळ होईल.

तर खोलीचं तापमान आधी मोजा. साधा डिजिटल थर्मामीटर मिळते, भिंतीवर लावायचा, तो कॅबिनेटच्या (पीसीच्या डब्याच्या) समोरच्या बाजूला, जिथून हवा आत जाते तिथं अर्धा तास ठेवा. मोबाइलवर गावाचं तापमान दाखवते ते इथं कामाचं नाही, बाहेर सावलीत ४४ असताना मातीच्या भिंतीच्या कवेलूच्या घरात ३६ असू शकते आणि टिनाखाली ४२. हा आकडा वहीत लिहा. मग प्रोसेसरवर पूर्ण लोड देऊन त्याचं तापमान घ्या आणि त्यातून खोलीचं वजा करा. जे उरते ते तुमच्या मशीनचं खरं माप. यूट्यूबवर कोणी दाखवते ना की हाच प्रोसेसर याच हीटसिंकवर ७० ला चालते, तो माणूस २५ डिग्रीच्या खोलीत बसून मोजते, म्हणजे त्याचा फरक ४५ चा. तुमची खोली ४१ असेल तर तेच मशीन, तीच बसवणी, तुमच्याकडं ८६ दाखवेल आणि त्यात काहीच बिघाड नाही. खोली एक डिग्री वाढली की प्रोसेसर जवळजवळ एक डिग्री वाढते, हा हिशोब धरून चाला. हवेनं थंड होणारा कोणताही हीटसिंक, अन पाणी फिरवून थंड करणारा तयार संच, एआयओ म्हणतात तो सुद्धा, प्रोसेसरला खोलीपेक्षा खाली नेऊ शकत नाही, त्यामुळं ४१ च्या खोलीत "मला ६० पाहिजे" असं म्हणून काही मिळत नाही.

आकडे पाहायला एचडब्ल्यूइन्फो नावाचा प्रोग्राम घ्या, फुकट आहे, उघडताना सेन्सर्स ओन्ली वर टिक करा. चार गोष्टींवर नजर ठेवा, प्रोसेसरचं तापमान (इंटेलमध्ये सीपीयू पॅकेज, एएमडीच्या रायझेनमध्ये टीडाय), पॅकेज पॉवर म्हणजे किती वॅट खाऊन राहिला ते, कोरचा क्लॉक म्हणजे वेग, आणि पंख्याचा आरपीएम म्हणजे मिनिटाचे फेरे. लोडसाठी सिनेबेंच नावाचा टेस्टचा प्रोग्राम दहा मिनिटं चालवा, पुरते. प्राइम९५ नावाच्या दुसऱ्या प्रोग्रामच्या स्मॉल एफएफटी टेस्टनं प्रोसेसर इतका तापते की रोजच्या कामात कधीच तेवढा तापणार नाही, मे महिन्यात तर ती टेस्ट लावूच नका, उगाच भीती बसते.

आणि किती म्हणजे जास्त? इंटेलच्या १२व्या पिढीच्या आय-५ १२४०० सारख्या प्रोसेसरची हद्द १०० डिग्री. रायझेन ५००० मध्ये मॉडेलप्रमाणे ९० किंवा ९५. रायझेन ७००० च्या मोठ्या मॉडेलांचं वेगळंच आहे, ते भारी लोडवर मुद्दाम ९५ पर्यंत जातात आणि तिथंच उभे राहून जेवढा वेग मिळते तेवढा घेतात, कंपनीनं तसेच बनवलेत, त्यामुळं ७७००एक्सवाल्यानं ९५ पाहून घाबरू नये. हद्द गाठली की प्रोसेसर लगेच जळत नाही, आधी स्वतःचा वेग कमी करते, त्याला थ्रॉटलिंग म्हणतात, आणि तरीही तापतच राहिला तर पीसी बंद करते. मामेभावाकडं हेच झालं होतं, १२४०० चे सगळे कोर लोडवर ४ गीगाहर्ट्झच्या आसपास चालायला पाहिजे तर ते १.९ वर येऊन बसले होते, म्हणूनच जुना लॅपटॉप बरा वाटत होता त्याला. रिकामं बसल्यावरचं तापमान लोकं फार मनावर घेतात, ४० च्या खोलीत रिकामा प्रोसेसर ५०-५५ दाखवते, ते ठीक आहे. नवीन विंडोज टाकल्यावर पहिले दोन दिवस तसाही मागं अपडेट आणि इंडेक्सिंग चालू असते, टास्क मॅनेजर उघडून पाहा, प्रोसेसर २०-३० टक्के कशात तरी गुंतलेला दिसेल. दोन दिवसानंतरही कोणता अनोळखी प्रोग्राम प्रोसेसर खात असेल, तर क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरसोबत मायनर (तुमच्या मशीनवर लपून दुसऱ्यासाठी क्रिप्टो कमावणारा प्रोग्राम) आलेला असू शकते, हे एडिटिंगवाल्यांना खास सांगतो, कारण तुम्ही हीटसिंक दहा वेळा काढून बसवला तरी हा त्यानं जाणार नाही.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. किती तापते याच्यापेक्षा कसं तापते ते पाहा. एचडब्ल्यूइन्फोत तापमानाच्या ओळीवर डबल क्लिक केलं की ग्राफ उघडते. सिनेबेंच चालू करा आणि पहिल्या दहा सेकंदात ग्राफकडं पाहा. दोन-तीन सेकंदात सरळ ९५ च्या वर उडी मारली आणि लोड बंद केल्याबरोबर तशीच धपकन ३०-४० डिग्री खाली आली, तर उष्णता प्रोसेसरातून हीटसिंकमध्ये जाऊनच नाही राहिली. म्हणजे बसवणीत चूक, पिन, स्क्रू, पेस्ट, नाहीतर खालचं प्लास्टिक. आणि ग्राफ हळूहळू चढत असेल, ७०, मग ७५, दहा-पंधरा मिनिटांनी ८८, असा, तर हीटसिंक आपलं काम करून राहिला, पण त्याच्याभोवतीची हवाच गरम होत चाललीय, म्हणजे कॅबिनेट, पंखे, खोली. (वर म्हटलं ते मोठे रायझेन दोन्हीकडून ९५ ला जाऊ शकतात, त्यांच्यासाठी वॅट आणि क्लॉक पाहा, क्लॉक बरोबर असेल तर सोडून द्या.)

याची खात्री हातानं होते. लोड पाच मिनिटं चालू द्या, मग पीसी बंद करा, प्लग काढा, आणि हीटसिंकच्या पात्यांना बोट लावा. प्रोसेसर ९८ दाखवत होता आणि पाती नुसती कोमट, तर समजून जा की तवा चुलीवर टेकलेलाच नाही. मामेभावाकडं बिलकुल असंच होतं, बोट ठेवलं तर खोलीतल्या लोखंडी कपाटापेक्षा जास्त गरम नाही लागलं. तिथंच माझं उन्हावरचं लक्ष उडालं. पाती चटका देत असतील तर संपर्क चांगला आहे, मग पुढचे चार-पाच पॅरे सोडून सरळ हवेच्या भागाकडं जा.

संपर्क खराब असेल तर हीटसिंक काढाच लागते, वरून दाबून वगैरे काही होत नाही. इंटेलच्या सोबत येते त्याला चार पुश पिना असतात. प्रत्येक पिनच्या टोपीवर बाण असते, तो पिन सोडवायची दिशा दाखवते. त्या बाजूला फिरवली, वर ओढली की सुटली. परत बसवताना चारही टोप्या आधी बाणाच्या उलट फिरवून ठेवा, पाय चारही भोकात नीट उतरले का ते वाकून पाहा, आणि मग समोरासमोरच्या पिना दाबा, एक इकडची, मग तिच्या कोपऱ्याच्या समोरची, मग उरलेल्या दोन. टक असा आवाज येते. जोर बराच लागते आणि बोर्ड थोडा वाकते, नवीन माणूस इथंच हात आवरते आणि पिन अर्धी राहते. दुसरं म्हणजे लोकं बोर्ड सपाट टेबलावर ठेवून दाबतात, पिनेचं टोक खालून बाहेर यायला जागाच नसते तर ती बसणार कशी. मामेभावानं बोर्ड टाइल्सच्या ओट्यावर ठेवून दाबला होता, तीन बसल्या, चौथी नाही. बोर्ड कॅबिनेटमध्ये स्टँडऑफवर (बोर्ड उचलून धरणाऱ्या छोट्या खुंट्यांवर) असू द्या किंवा त्याच्या खोक्यातल्या फोमवर ठेवा. बसवल्यावर मागून टॉर्च मारून पाहा, चारही ठिकाणी पांढऱ्या पायांच्या मधून काळी पिन सारखीच बाहेर आलेली दिसली पाहिजे. एक जरी आत राहिलेली दिसली तर परत काढा. वरून हलवून पाहणं पुरत नाही, तीन पिनांवर सुद्धा हीटसिंक घट्टच वाटते.

रायझेनच्या सोबत रेथ स्टेल्थ हा कंपनीचा हीटसिंक आला असेल तर त्याला चार स्प्रिंगवाले स्क्रू असतात, आणि ते बसायला बोर्डावरच्या दोन प्लास्टिकच्या पट्ट्या आधी काढा लागतात. त्या काढल्या की मागची लोखंडी प्लेट सुटून खाली पडते, ती एका हातानं धरून ठेवा. स्क्रू एकदम एक पूर्ण कसू नका, समोरासमोर दोन-दोन फेरे देत चारही सारखे खाली न्या, अडते तिथं थांबा. काढताना मात्र जपा, एएम४ सॉकेटमध्ये (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा, एएम४ रायझेन ५००० पर्यंत) प्रोसेसरच्या पिना खाली असतात आणि वरून त्याला धरून ठेवणारं काही नसते, पेस्ट चिकटलेली असेल आणि तुम्ही सरळ वर ओढलं तर प्रोसेसर हीटसिंकसोबतच उपटून येते, पिना वाकतात. त्याच्यासाठी काढायच्या आधी पाच-दहा मिनिटं पीसीवर लोड द्या म्हणजे पेस्ट नरम होते, बंद करा, प्लग काढा, स्क्रू सोडा, आणि हीटसिंक हळूहळू डावीकडं-उजवीकडं फिरवत मोकळा करा, मग उचला. एएम५ आणि इंटेलमध्ये प्रोसेसर फ्रेमखाली दाबलेला असते, तिथं ही भीती नाही.

वेगळा टॉवर हीटसिंक घेतला असेल तर त्याच्या खालच्या तांब्याच्या बाजूला पारदर्शक प्लास्टिक चिकटवलेलं असते, बसवायच्या आधी काढा म्हणून त्याच्यावर लिहिलेलंही असते. नव्या मशीनमध्ये हे राहून जाणं इतकं नेहमीचं आहे की कोणी फोनवर विचारलं तर माझा पहिला प्रश्न हाच असते. आणि जुन्या पीसीचा हीटसिंक नव्यावर लावला असेल, आपल्याकडं लावतातच, पैसे वाचते, तर एक तपासा: इंटेलच्या १२व्या पिढीपासून एलजीए १७०० सॉकेट आला, त्याच्या भोकांमधलं अंतर ७८ मिलिमीटर, त्याच्या आधीच्या एलजीए १२०० आणि ११५१ चं ७५. ३ मिलिमीटरचा फरक डोळ्याला कळत नाही, ओढूनताणून बसवला तर बसल्यासारखाही वाटते, पण सॉकेटची उंचीही बदललेली आहे त्यामुळं दाब बरोबर येत नाही. त्या हीटसिंकच्या कंपनीचं १७०० साठीचं किट मिळत असेल तर तेच आणा, जुगाड करू नका.

पेस्टबद्दल. एकदा हीटसिंक उचलला की जुनी पेस्ट गेली, तीच परत दाबून बसवायची नाही, मधात हवेचे बुडबुडे राहतात. मेडिकलमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल मागा, न मिळालं तर ऑनलाइन मागवा, पण हात धुवायचं सॅनिटायझर वापरू नका, त्याच्यात ग्लिसरीन असते, थर राहते. पेट्रोल, रॉकेल तर नकोच. पुसायला जुनं धुतलेलं सुती कापड चांगलं, कापसाचा बोळा नको, त्याचे तंतू मागं राहतात. प्रोसेसरचं आणि हीटसिंकचं दोन्ही तोंड आरशासारखं झालं पाहिजे. मग मधोमध तुरीच्या दाण्याएवढी पेस्ट. इंटेल १२व्या पिढीपासूनचे प्रोसेसर लांबट आहेत, त्याच्यावर लांबीच्या दिशेनं दोन दाणे टाका. बोटानं पसरवू नका, हीटसिंकच्या दाबानं ती आपोआप पसरते. जास्त टाकली तर बाजूनं बाहेर येते, नेहमीची पेस्ट वीज वाहून नेत नाही म्हणून नुकसान तसं होत नाही, पण घाण होते. टूथपेस्ट लावलेले व्हिडिओ पाहिले असतील तर विसरून जा, ती वाळते आणि चार दिवसात आधीपेक्षा वाईट होते.

परत बसवताना पंख्याची वायर पाहा. बोर्डावर सीपीयू-फॅन लिहिलेल्या चार पिनच्या जागीच ती लागली पाहिजे. दुसऱ्या जागी लावली तर बरेच बोर्ड चालू होताना सीपीयू फॅन एरर दाखवतात, आणि लोकं एफ१ दाबून पुढं जात राहतात. वायर पात्यात अडकत तर नाही ना तेही पाहा, नवीन मशीनमध्ये वायरी बांधलेल्या नसतात. बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) पंख्याचा कर्व्ह, म्हणजे किती तापल्यावर किती वेग ते, सायलेंटवर असेल तर स्टँडर्ड करा, आणि आपल्या भागासाठी मी तर ७५ डिग्रीला पंखा पूर्ण वेगावर असाच ठेवतो. आवाज होते, पण मे महिन्यात घरात तसाही कूलर चालूच असते, पीसीचा पंखा कोणाला ऐकू येते.

आता हवा. सगळ्यात आधी कॅबिनेटची बाजूची काच उघडा आणि तीच दहा मिनिटांची टेस्ट परत घ्या. दोन-तीन डिग्रीचा फरक असेल तर कॅबिनेट चांगलं आहे. आठ-दहा डिग्री खाली आलं तर कॅबिनेटमध्ये जीव गुदमरून राहिला. समोरून पूर्ण काच आणि चार रंगीत पंखे असलेली कॅबिनेट दिसायला सुंदर असतात, दुकानदारही तीच पुढं करते, पण पंख्याच्या समोरच काच असल्यावर हवा यायची कुठून. आपल्याकडं घ्यायचं तर समोर जाळी असलेलंच घ्या, हे मी ज्याला त्याला सांगतो. घेऊन झालं असेल तर समोरची काच निघते का पाहा, काही मॉडेलमध्ये निघते.

पंख्याची दिशाही उलटी लागलेली सापडते. पंख्याच्या ज्या बाजूला मधली मोटर धरणाऱ्या दांड्या असतात त्या बाजूनं हवा बाहेर पडते. समोरचे पंखे हवा आत घेणारे, मागचा आणि वरचा बाहेर टाकणारे, असं पाहिजे. शंका असेल तर उदबत्ती लावा, खोलीतला पंखा आणि कूलर बंद करा, आणि उदबत्ती समोरच्या जाळीपुढं धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे, आणि मागं धरली तर बाहेर फेकला गेला पाहिजे. राख आत पडू देऊ नका एवढंच. या एका उदबत्तीत मी मामाच्या गावातल्याच एका सेतू केंद्रावरच्या पीसीत मागचा पंखा उलटा लागलेला पकडला, समोरचेही आत घेत होते आणि मागचाही आत घेत होता.

कॅबिनेट ठेवते कुठं तेही पाहा. टेबलाच्या बंद कप्प्यात, भिंतीतल्या देवळीत, गादीच्या कोपऱ्यात, हे सगळं बंद. मागं वीतभर जागा सोडा. सारवलेल्या जमिनीवर ठेवू नका, चौरंग नाहीतर चार विटा लावून वर घ्या, खालचा पंखा एसएमपीएसचा (वीज पुरवणाऱ्या डब्याचा) असते आणि तो झाडलोटीची सगळी धूळ ओढते. पश्चिमेच्या भिंतीला लावू नका, दुपारनंतर ती भिंत रात्री दहापर्यंत तापलेली असते.

खोलीतल्या कूलरबद्दल मला मनापासून सांगायचं आहे. मे मध्ये हवा कोरडी असते, कूलर खोली चांगली खाली आणते आणि तेवढाच प्रोसेसरही खाली येते, म्हणून कूलर चालू असताना भारी काम करणं बरोबरच. पण कूलरची हवा सरळ कॅबिनेटवर मारू नका. कूलरच्या हवेत पाण्याचे बारीक तुषार येतात, आणि आपला हा पट्टा खारपाणाचा, दर्यापूर, अकोट, अंजनगाव, पूर्णेच्या खोऱ्यातलं जमिनीतलं पाणीच खारट. ताट्यांवर पांढरी खरपुडी चढते ना, तीच बोर्डावर चढते, आणि मिठाच्या थराखाली तांबं हिरवं पडते. एक बोर्ड मी असा गेलेला पाहिला आहे, दोन उन्हाळ्यात. कूलर खिडकीत राहू द्या, पीसी त्याच्या झोतातून बाजूला, आणि खोलीची समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं. श्रावणात हवा दमट झाली की कूलरनं खोली थंड होतच नाही, नुसता ओलावा वाढते, तेव्हा पीसीच्या खोलीत तो बंदच ठेवा.

धूळ नवीन मशीनमध्ये नसते असं वाटते, पण आपल्याकडं महिनाभरात जमते. सोयाबीनची मळणी चालू असली आणि घर खळ्याजवळ असलं तर कुटाराची बारीक धूळ, कापूस घरात भरला तर त्याचे तंतू, हे जाळीवर असे बसतात की बाहेरून दिसत नाही आणि टॉर्च मारली तर पडदा लागलेला दिसते. दर पंधरा दिवसांनी जाळी काढून झटका. हीटसिंकची पाती साफ करताना पंखा बोटानं धरून ठेवा, फुकारीच्या हवेनं तो भरधाव फिरला तर बेअरिंग खराब होते. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरनं मारू नका, टाकीत पाणी जमलेलं असते ते हवेसोबत बोर्डावर येते, सायकलचा पंप बरा. आणि कुंभारीण माशी. पावसाळ्याच्या आधी ती मागच्या जाळीत, यूएसबीच्या भोकात मातीचं घर बांधते, बंद पीसी आठ दिवस पडून असला की हमखास. लग्नसराई संपल्यावर मशीन बंद ठेवणार असाल तर सुती कापड टाकून ठेवा, आणि चालू करताना काढायचं विसरू नका.

एवढं सगळं बरोबर केलं आणि तरी खोली ४१ आहे, तर मग बायोसमध्ये वॅट कमी करा लागते, आणि याला लोकं उगाच कमीपणा समजतात. बरेच बोर्ड नवीन असताना प्रोसेसरला पाहिजे तेवढी वीज खायला मोकळं सोडतात. १२४०० ची मूळ मर्यादा ६५ वॅट, टर्बोची (जास्त वेग घेते तेव्हाची) ११७. बायोसमध्ये लाँग ड्युरेशन आणि शॉर्ट ड्युरेशन पॉवर लिमिट अशा दोन जागा असतात, दोन्ही ६५ करा. रायझेनमध्ये इको मोड असते, १०५ वॅटवाला प्रोसेसर १४२ वॅटपर्यंत खाते तो ६५ च्या इको मोडवर ८८ च्या आत राहते. गेम बूस्ट, मल्टिकोर एन्हान्समेंट, पीबीओ, असं वेगासाठी जास्त वीज देणारं काही चालू असेल तर बंद करा. वेग थोडाच कमी होते, कारण शेवटचा थोडासा वेग मिळवायलाच सगळ्यात जास्त वीज जळते. आणि अगदीच नड असली, दुपारी दोनलाच डिलिव्हरी द्यायची आहे, तर विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट १०० चं ९९ करा, टर्बो बंद होते, १२४०० आपल्या मूळ २.५ गीगाहर्ट्झवर शांत चालते. काम उशिरा होईल पण होईल. संध्याकाळी परत १०० करून टाका.

एक शेवटचं, पीसी धाडकन बंद होत असेल तर तो तापून बंद झाला असं धरून चालू नका. एचडब्ल्यूइन्फोत लॉगिंगचं बटन आहे, ते लावून ठेवलं की दर दोन सेकंदांनी आकडे फाइलमध्ये लिहिले जातात. बंद पडल्यावर फाइलची शेवटची ओळ पाहा. तिथं १०० असेल तर तापूनच गेला. ७० असेल तर प्रोसेसरचा काही दोष नाही, लाइट पाहा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (त्याच्या नोंदवहीत) कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद दिसते, पण ते फक्त एवढंच सांगते की पीसी नीट बंद झाला नाही, कारण सांगत नाही. मामेभावाकडं पिन बसवल्यावर दोन दिवसांनी पीसी बंद पडला आणि तो परत हीटसिंक काढायला बसला होता, मी म्हटलं थांब, लॉग पाठव. शेवटची ओळ ७४ डिग्री. संध्याकाळी सात वाजता गावात सगळ्यांच्या मोटरी अन कूलर सोबत चालू असतात, व्होल्टेज पडते, त्यानं बंद पडत होता. लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस लावला, त्याच्यात व्होल्टेज सांभाळायची सोय असते, आणि अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा टाकून पाणी घातलं, त्यानंतर बंद पडला नाही.

त्याच्या मशीनचे आता आकडे असे आहेत. त्याच टिनाच्या खोलीत, दुपारी, कूलर बंद असताना खोली ४०, बायोसमध्ये ६५ वॅट, दहा मिनिटं सिनेबेंच, प्रोसेसर ८४, क्लॉक ३.८. फरक ४४ चा. पहाटे पाचला खोली ३० वर येते तेव्हा तेच मशीन ७४ ला चालते. त्यामुळं मोठे एक्सपोर्ट तो आता झोपायच्या आधी टाइमलाइन लावून, पहाटे गोठ्यात जायला उठला की चालू करून जाते, आणि दूध काढून परत येईपर्यंत फाइल तयार असते.